आधी टाका की आधी मोजमाप?

वैजू, भांडण अर्धं टाकून माणूस असं जातं का गं? निदान तुझ्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती. कॉलेजात असताना मेसची आमटी पातळ असते म्हणून तू आचाऱ्याशी जे वाजवलं होतंस, ते आमटी घट्ट होईपर्यंत सोडलं नव्हतंस. आणि आपलं इतक्या वर्षांचं भांडण मात्र तसंच टाकून एका रविवारी सकाळी चहा गाळता गाळता खाली बसलीस आणि संपलं. मला आधी त्या चहाचा राग आला, मग तुझा, मग दाजींचा, कारण ते बाहेर पेपर वाचत होते. पण आज मी रागवायला बसलेली नाही. तुला सांगण्यासारखी बातमी आहे माझ्याकडे आणि ती सांगायला जीभ नुसती शिवशिवतेय. तरी आधी भांडण, मग बातमी. तू पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस ना, त्याची ही शिक्षा समज.

भांडण तुला पाठ आहे. पण मला ते परत मांडू दे, कारण मांडताना दरवेळी मी थोडीशी जिंकते. मी बाळंतपणं करणारी, तू सोनोग्राफी करणारी. एकाच इमारतीत मी खाली, तू वर. काही बायकांचं मूल दिवस भरायच्या कितीतरी आधी, पाचव्या-सहाव्या महिन्यात, फारशा कळासुद्धा न येता निसटून जातं. पिशवीचं तोंड आपलं आपण उघडतं आणि सगळं संपतं. अशी बाई पुन्हा गरोदर राहून आली की मी तिसरा महिना सरताच त्या तोंडाला टाका घालून मोकळी. बांधून टाकलं की बांधून टाकलं. मला शिकवणाऱ्यांनी तेच केलं, मीही तेच करत आले. तुझं म्हणणं, थांब. आतून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजू, दर पंधरवड्याला मोजू. पंचवीस मिलिमीटरच्या खाली उतरायला लागली तर घाल टाका. नाही उतरली तर त्या बाईला उगाच कशाला टोचायचं?

मी म्हणायचे, मोजून काय होतं, नुसती भीती वाढते. लांबी कमी दिसलेल्या कितीतरी बायका दिवस भरून सुखरूप बाळंत होतात आणि तोवर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. तुझं यंत्र होणाऱ्या पावसापेक्षा न होणारा पाऊस जास्त सांगतं. यावर तू भडंगाचा बकाणा भरायचीस आणि तशा भरल्या तोंडाने मला ऐकवायचीस, "नंदे, मी काय ज्योतिषी हाय व्हय? बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आलंय तेवढं मी सांगतो. घर सोडायचं का न्हाय ते तू ठरीव." कोल्हापूरच्या माणसाला पुराचं उदाहरण दिलं की तो गप्प बसतो, हे तुला पक्कं माहीत होतं. मी मात्र गप्प बसत नव्हते, आणि बसणारही नाही.

तुझ्या दिवसांना जेवायला माझ्याशेजारी बसलेल्या एक बाई म्हणाल्या, स्वतःला मूलबाळ नव्हतं ना, म्हणून दुसऱ्यांच्या पोरांसाठी एवढा जीव टाकायच्या. मला असा संताप आला की पानावरून उठावंसं वाटलं. तुम्हा दोघांना मूल नकोच होतं, हे तू लग्नाआधीच सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं होतंस. आणि जीव म्हणशील तर तू कशासाठी टाकायची नाहीस? पित्ताशयात चांगला गोल खडा दिसला तरी टाळ्या वाजवायचीस. पेशंट बिचारा पोट धरून पडलेला आणि तू त्याला सांगतेयस, काय सुंदर आलाय बघा. आतून करायच्या सोनोग्राफीचा प्रोब नवा आला त्या दिवशी तू माझी ओपीडी अर्ध्यात थांबवून मला वर ओढत नेलं होतंस. पडद्यावर पिशवीच्या तोंडाची बारीक रेघ दाखवून म्हणालीस, ही रेघ मिटलेली आहे तोवर झोप लागते, आणि हिचं नरसाळं व्हायला लागलं की बाळ बाहेरची वाट बघायला लागलंय. मी म्हटलं, मला तर नुसतं ढगाळ आभाळ दिसतंय. तू माझं डोकं धरून पडद्याला टेकवलं होतंस. तुला दिसायचं ते सगळ्यांना दिसावं म्हणून तू ही धडपड करायचीस, त्यात दुःखबिःख काही नव्हतं. हे त्या बाईंना सांगायचं राहिलं, म्हणून इथे सांगते.

आता सुवर्णा. तिचं नाव घेतल्यावर तू कान टवकारले असशील.

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण तिच्यापेक्षा तिची सासूच जास्त बोलत होती. मलकापूरच्या अलीकडचं गाव, थोडं भात, दोन म्हशी, नवरा दूध संस्थेत. सासू इंदुबाई, अंगाने काटकुळी पण आवाज असा की तुझ्या खोलीपर्यंत पोचावा. तिनेच सगळं सांगितलं. पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं सहाव्यात. दुसऱ्याने थोडा वेळ श्वास घेतला होता. हे सांगताना मात्र तिचा आवाज खाली आला. सुवर्णा तोवर जमिनीकडे बघत बसली होती. मी तपासून झाल्यावर हात धूत होते तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "ह्या वेळंला न्हाय ऱ्हायलं तर मी परत न्हाय दिवस ऱ्हाऊ देणार, मॅडम. माझ्यानं न्हाय हुयाचं."

मी म्हटलं, टाका घालू. आणि तुला नुसतं कळवावं म्हणून बोलावलं, तर तू नेहमीसारखी भडंगाची पुडी घेऊनच खाली उतरलीस आणि त्यांच्यासमोरच माझ्याशी भांडायला लागलीस. दोनच वेळा झालंय, आधी मोजूया. मी म्हटलं, दोन वेळा पुरे नाही का, तिसऱ्यांदा काय परीक्षा बघतेस तिची? इंदुबाई कधी तुझ्याकडे बघत होती कधी माझ्याकडे, कुस्तीच्या फडात बसल्यासारखी. शेवटी तू एकदम थांबलीस आणि खुर्ची ओढून सुवर्णासमोर बसलीस. दोन्ही बाजू तिला नीट सांगितल्यास, माझीसुद्धा, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितलीस. मग म्हणालीस, पोट तुझं, तू ठरव. ती म्हणाली, शिवल्याबिगर भागत असेल तर आधी बघूया. पहिला डाव तू जिंकलास, आणि जिना चढताना मागे वळून मला जीभ दाखवलीस. या वयात.

इंदुबाईने मात्र आतून सोनोग्राफी म्हटल्यावर हातच वर केले. मागच्या खेपेला कुणीतरी आतून तपासलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी बाळ गेलं होतं. तिच्या हिशेबात हे त्याच्यामुळेच. तू तिच्यावर ओरडली नाहीस, याचं मला तेव्हा नवल वाटलं. प्रोब त्या तोंडाच्या अलीकडेच थांबतो, आत जात नाही, हे तू तुझी मूठ मिटून आणि बोट लावून तिला दाखवलंस. मग सुवर्णाला विचारून तिला पडद्याशेजारी स्टुलावर बसवलंस. बसल्या बसल्या तिने विचारलंच, काय हाय? आणि तू तुझं ठरलेलं उत्तर दिलंस, बाळ हाय, माणसाचं हाय, ह्याच्या पुढचं सांगितलं तर मला आत घालतील. इंदुबाई पदर तोंडाला लावून हसली. ती रेघ तिला माझ्याआधी दिसली, हे तू मला पुढे आठवडाभर ऐकवत होतीस.

पहिल्या मोजणीला लांबी चांगली होती, दुसऱ्या वेळीही. प्रत्येक वेळी तू मला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचीस, त्यात मागे इंदुबाईचाही आवाज असायचा. ते मी अजून पुसलेले नाहीत. ऐकतही नाही. आहेत म्हणजे बरं वाटतं.

मग तो पाण्याचा दिवस. तुला वर बसूनही हसू येत असेल.

त्या दिवशी मी वर आले होते ते दुसऱ्याच कामाला. सुवर्णा टेबलावर, इंदुबाई स्टुलावर, आणि तू खुशीत. मला बघून म्हणालीस, बघ, तुला टाका घालायचा होता ना, चाळीसच्या आसपास आहे, जातेस का आता परत खाली? मी पडद्याकडे बघितलं. मला सोनोग्राफीतलं फार कळत नाही, पण वरच्या बाजूला एवढं मोठं काळं तळं दिसत होतं की ते मलाही कळलं. त्याच वेळी तुलाही दिसलं. तू प्रोब धरलेला हात तसाच ठेवून इंदुबाईकडे वळलीस. मूत्राशय काठोकाठ भरलेलं. बाहेर तुझी मदतनीस पोरगी प्रत्येकीला आधी लघवीला जाऊन यायला सांगते, सुवर्णा तिला हो म्हणाली होती आणि गेली मात्र नव्हती. कारण गावाकडे सोनोग्राफी म्हटली की भरपूर पाणी प्यायचं आणि कळ सोसून बसायचं, हे आता पोराबाळांनाही ठाऊक आहे. पोटावरून करतात त्या सोनोग्राफीला ते लागतंच. इंदुबाईला वाटलं, आधीच्या दोन वेळी पोरीने हयगय केली, आज फोटो एकदम स्वच्छ येऊ दे. "गाडीत बसल्यापास्नं पाजत आलोय की मी," ती अभिमानाने म्हणाली. "वाटंत दोनदा बाटली भरून घेतली." बिचारी सुवर्णा मलकापूरच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे पोटात पाण्याची घागर घेऊन सोसत आली होती. आपण तिघीही हसलो. सुवर्णाला हसवेना, ती धावली.

ती परत आली. तू पुन्हा बघितलंस. आणि तुझं हसू कसं मावळलं ते मी बघितलं, वैजू. रेघ आखूड झाली होती आणि आतल्या बाजूने नरसाळं उघडायला लागलं होतं. आत्ताच चाळीस म्हणत होतीस ती लांबी आता तुझ्या पंचवीसच्या बरीच खाली होती. तू तीनदा मोजलंस. ज्या गोष्टीसाठी तू इतकी वर्षं माझ्याशी भांडत होतीस ती समोर दिसत होती, आणि तुझे कान लाल झाले होते. भीतीने की आनंदाने ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटतं दोन्ही. तुझ्यात त्या दोन गोष्टी एकत्रच राहत होत्या.

इंदुबाईने आपला अर्थ काढलाच. पाणी सोडलं म्हणून तोंड उघडलं. बाटली हातात घेऊन ती उठलीसुद्धा, सुनेला परत पाजायला. तिचं चुकलं असं तरी कसं म्हणणार? तिच्या डोळ्यांदेखत भरलेलं होतं तेव्हा सगळं ठीक होतं आणि रिकामं झालं तेव्हा बिघडलं. मी पुस्तकी भाषेत समजवायला सुरुवात केली, मूत्राशयाचा दाब, खालचा भाग वगैरे. तू मला हाताने थांबवलंस.

"मावशी, भाताच्या पोत्याचं तोंड नुसतं मुडपलं आणि तुम्ही त्याच्यावर बसला, तर ते बंदच दिसणार की. तुम्ही उठला म्हंजे कळतंय, दाभणानं शिवलंय का न्हाय."

इंदुबाईने सुनेकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग बसलाय कशाला? शिवा की."

आतून यंत्र नको म्हणणारी हीच बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाका घातला. तू ऑपरेशन थिएटरात उगाचच येऊन उभी राहिलीस, ढगळ गाऊन घालून, माझ्या कोपराला धक्का लागेल इतकी जवळ. मी तुला दोनदा मागे सरकवलं. टाका नीट बसला. बाहेर पडताना मी म्हटलं, बघ, शेवटी टाकाच लागला ना? तू म्हणालीस, बघ, शेवटी मोजल्यावरच कळलं ना? आणि आपण दोघी एकदमच, म्हणजे मीच जिंकले.

त्यानंतरचे आठवडे मला फार सुंदर आठवतात. सुवर्णा कसबा बावड्याला तिच्या मावशीकडे राहायला आली, म्हणजे काही झालं तर दहा मिनिटांत आपल्या दारात. पाचवा महिना सरला. सहावा सरला तेव्हा तू जिन्यातून खाली येऊन भर ओपीडीत मला मिठी मारलीस आणि बाहेर बसलेल्या बायकांना वाटलं की तुला बाळ होणार आहे. सातवा सरता सरता मावशीच्या घरी ओटी भरली. इंदुबाईने दोन वेळा हिरव्या बांगड्या घ्यायच्या राहिल्या होत्या त्या या वेळी कोपरापर्यंत भरल्या, आणि पहिली ओटी तुलाच भरायला लावली. तू कधी कुणाची ओटी भरली नव्हतीस. तांदूळ सांडलेस, नारळ घरंगळला, मावशीच्या सोप्यात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मग तू सात वेळा पुरणपोळी घेतलीस असं इंदुबाई म्हणते. मी तीनच मोजल्या होत्या.

परतताना गाडीत मी तुला तो प्रश्न विचारला. मुद्दाम टोचायला नाही, मला खरंच हवं होतं उत्तर. मी म्हटलं, सुवर्णाला टाका घालता आला म्हणून ठीक आहे. पण समज, तुझ्या पडद्यावर वाईट दिसलं आणि मला करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. तरी तू त्या बाईला सांगशील? नुसतं भीत बसायला? तू एरवी असल्या प्रश्नावर लगेच झडप घालायचीस. त्या दिवशी नुसती खिडकीची काच खाली केलीस. तुझं घर आलं, दार उघडून उतरलीस, खिडकीतून वाकून म्हणालीस, उत्तर हाय माझ्याकडं, पण ते गाडीत सांगण्यासारखं न्हाय, सोमवारी वर ये, सांगतो.

तो सोमवार आलाच नाही.

आता पुढचं तुला माहीत नाही, म्हणून नीट ऐक.

तू गेलीस तेव्हा सुवर्णाला आठवा लागला होता. इंदुबाई दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच माझ्याकडे आली. तुझ्यासाठी रडली, मग पदराने तोंड पुसून कामाचं बोलली. पोटुशी बाईला असली बातमी सांगायची नाही. तिला धसका बसला आणि काही झालं तर? तुम्हीही सांगू नका, वरची पोरगीही सांगायची नाही. मी मान हलवली. शास्त्राप्रमाणे धसक्याने टाका तुटत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी इंदुबाईशी वाद घालायची माझ्यात ताकद नव्हती. तुझी जागा घ्यायला तुझीच विद्यार्थिनी आली, चांगली आहे, तुझ्यासारखी ओरडत नाही. जिन्यात आम्ही तुझा फोटो लावलाय, हार घालून. सुवर्णा तपासायला यायच्या दिवशी इंदुबाई तासभर आधी येऊन तो उतरवायची, माझ्या टेबलाखाली उलटा करून ठेवायची, आणि सून गेली की परत लावायची. तुला टेबलाखाली ठेवलं होतं, वैजू, माझ्या चपलांशेजारी. तू असतीस तर भांडली असतीस.

सुवर्णा विचारायची, वरच्या मॅडम कुठं हायत? मी सांगायचे, पुण्याला गेल्यात, मीटिंगला. ती बरं म्हणायची. दोन-तीन वेळा असं झालं. मग एका वेळी इंदुबाई औषधं आणायला बाहेर गेली आणि सुवर्णाने माझा हात धरला.

"मला ठावं हाय, मॅडम. दूध संस्थेच्या ग्रुपवर आलतं. त्याच दिवशी बघितलं मी."

तिने हळू आवाजात पुढचं सांगितलं. आत्तींना बोलू नका, मला ठाऊक आहे म्हणून. त्यांना वाटतं मला कळलं तर बाळ जाईल, मग त्या जेवायच्या न्हाईत. म्हणून मी पण विचारत राहते, मॅडम कुठं हायत म्हणून. तू बघ, ही मुलगी आपल्या सासूला धसका बसू नये म्हणून दर खेपेला मला खोटं बोलायला लावत होती. मी विचारलं, तुला त्रास नाही झाला? ती म्हणाली, "झाला की. पण ठावं असलं की बरं असतंय. आडून आडून रडणारी माणसं बघून जास्त भ्या वाटतंय."

हेच होतं का तुझं उत्तर? गाडीत न सांगितलेलं? मला कळायला मार्ग नाही. तू काहीतरी वेगळंच, जास्त हुशार बोलली असतीस आणि मी त्यातही खोट काढली असती. पण मी त्या दिवसापासून तो प्रश्न कुणाला विचारलेला नाही.

आणि आता बातमी. बस, नीट बस.

नववा लागला. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर मी टाका काढला. इंदुबाईने आदल्या दिवशीच सगळी तयारी करून ठेवली होती, बाळंतविडा, दुपटी, डिंकाचे लाडूसुद्धा. टाका काढला की दार उघडल्यासारखं बाळ येणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. मीही. आम्ही वाट बघितली. काही नाही. तपासलं, तर तोंड गच्च मिटलेलं. आठवडा गेला, दुसरा गेला. लाडू पाहुण्यांनीच संपवले. तारीख आली आणि वैजू, तारीख उलटून गेली! जिचं बाळ सहाव्या महिन्यात निसटेल म्हणून तू आणि मी महिनोन्महिने श्वास रोखून बसलो होतो, ती बाई तारखेच्या पुढे जाऊन माझ्यासमोर भेळ खात बसली होती. जे तोंड उघडू नये म्हणून एवढा आटापिटा केला ते उघडावं म्हणून शेवटी मलाच औषध ठेवावं लागलं. औषध ठेवताना मी मोठ्याने हसले. नर्सला वाटलं मला काही झालंय.

आता तूच सांग, कोण जिंकलं? मी म्हणेन टाक्याने राहिलं. तू म्हणशील मोजलं म्हणून टाका पडला. आणि एक तिसरंही आहे, जे मला रोज छळतंय. कदाचित ती तशीही राहिली असती, ना तुझ्या मोजण्याने ना माझ्या शिवण्याने. हे कधीच कळणार नाही. एकाच बाईला टाका घालूनही बघता येत नाही आणि न घालूनही. तुझ्याशी हे बोलायला मला इतकं हवं होतं की त्या दिवशी मी सवयीने जिन्यापर्यंत गेले.

काल दुपारी ती बाळंत झाली. मुलगी. चांगली तीन किलोच्या वर, डोक्यावर हे एवढं जावळ, आणि आवाज थेट आजीचा. अशी भोकाड पसरून रडली की बाहेरच्या बायकांनी ओपीडीतून डोकी आत घातली. मी नाळ कापली, तिला सुवर्णाच्या छातीवर ठेवलं, इंदुबाईला आत बोलावलं. ती आली, बाळाकडे बघितलं, हात जोडले, आणि काही बोलायच्या आधीच सुवर्णाने तिचा पदर ओढला.

"आत्ती, वरच्या मॅडम गेल्या, ते मला पहिल्यापास्नं ठावं हाय."

इंदुबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे. मी मान डोलावली. इंदुबाईने हळूच सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग आता रडू या की गं."

आणि वैजू, आम्ही रडलो. तुझ्यासाठी, त्या दिवसानंतर पहिल्यांदा, काही न लपवता, तिघींनी एकमेकींना धरून. हातमोजे काढायचंही मला सुचलं नाही. तुझ्या विद्यार्थिनीने वरून धावत येऊन दारातून विचारलं, काय झालं, बाळ ठीक आहे ना? आणि आम्हा तिघींपैकी कुणालाच तिला उत्तर देता येईना, म्हणून ते बाळानेच दिलं, आमच्यापेक्षा मोठ्याने.